कुलाब्याच्या किनाऱ्यावरील दिव्याचा व्यापार

‘रॉकेल’ आणि ‘घासलेट’ हे दोन शब्द मराठी कानांना आतां परके वाटत नाहींत. पहिला शब्द ‘रॉक ऑइल’, म्हणजे खडकांतून निघणारें तेल, याचा अपभ्रंश. दुसऱ्याचें मूळ ‘गॅसलाइट’ या शब्दांत सांगितलें जातें. अलिबागच्या कोळवाड्यांतील किंवा श्रीवर्धनच्या नारळीच्या वाडींतील माणसानें कोश उघडून हे शब्द शोधले असतील, असें कोणी म्हणणार नाहीं. ज्यानें तेलाचा डबा आणला, त्यानेंच डब्याबरोबर शब्दही आणला. हा डबा आणणारा माणूस कोण होता, तो कोणाच्या वतीनें बोलत होता, आणि तो मध्यें नसता तर या किनाऱ्यावर दिवा लागला असता कीं नाहीं, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाहीं. विजेचा दिवा कोणीं काढला हें शाळेंतील मुलाला पाठ असतें. तो आपल्या आळींत कोणीं आणला हें त्याच्या वडिलांनाही सांगतां येत नाहीं. वास्तविक दिवा तयार करणें आणि तो घरोघर पोहोंचविणें या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासून ज्याला रायगड जिल्हा म्हणतात त्याच्या, किनाऱ्यावर हा भेद फार स्पष्ट दिसतो.

मातीचें तेल येण्यापूर्वीं या भागांत देवापुढें तिळेल, खोबरेल किंवा ऐपत असल्यास तूप जळे. ओटीवर, माजघरांत आणि गोठ्यांत मात्र कडू तेल चाले. करंजाच्या आणि उंडीच्या बियांचें हें तेल. उंडीचें झाड समुद्रकाठीं आपोआप वाढतें. त्याचीं फळें वेंचून, फोडून, वाळवून घाण्याला दिलीं कीं तेल मिळे. त्याला धूर फार, वास उग्र आणि उजेड बेताचा. परंतु तें गांवचें होतें. घाणेही गांवांतच असत. या घाण्यांच्या इतिहासांत कुलाबा किनाऱ्याची एक खास गोष्ट आहे. अलिबागच्या उत्तरेस नवगांव म्हणून गांव आहे. बेने इस्राएल लोकांच्या परंपरेप्रमाणें त्यांच्या पूर्वजांचें गलबत तेथें फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या. या मंडळींनीं पुढें तेल गाळण्याचा धंदा पत्करला. शनिवारीं ते घाणा जुंपीत नसत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. सोमवारीं बैलाला विसांवा देणारे ते ‘सोमवार तेली’. चेऊलकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, पेणकर अशीं त्यांचीं आडनांवें या किनाऱ्याचा नकाशाच पुढें मांडतात. रेवदंडा आणि अलिबाग येथें त्यांचीं प्रार्थनामंदिरें अद्याप उभीं आहेत.

या व्यवस्थेंत तेल करणारा आणि विकणारा एकच होता. शेतकऱ्यानें तीळ किंवा खोबरें आणून द्यावें आणि तेल व पेंड घेऊन जावें. तेलांत भेसळ निघाली तर गाऱ्हाणें कोणापाशीं न्यावयाचें, हें ठरलेलें होतें. शंभर पावलांवर तेल्याचें घर होतें. हिचा दोष एवढाच कीं, तेल थोडें निघे आणि तें खाण्यालाही लागे. म्हणून सामान्य कुणब्याच्या किंवा कोळ्याच्या घरीं दिवेलागण म्हणजे तासा-दीडतासाचा सोहळा असे. जेवणें आटोपलीं कीं दिवा मालवला. जुन्या घरांतील शिस्तीचें वर्णन करतांना लोक ‘लवकर निजे, लवकर उठे’ या वळणाचें कौतुक करतात. त्यांतील बराचसा भाग तेलाच्या टंचाईचा होता, हें सांगितलेलें बरें.

१८५९ सालीं अमेरिकेंत पेन्सिल्व्हानिया प्रांतांतील टायटसव्हिल येथें एडविन ड्रेक यानें तेलाची विहीर खणली. पुढच्या दोन-तीन दशकांत तिकडचें शुद्ध केलेलें तेल लांकडी खोक्यांतून हिंदुस्थानच्या बंदरांत उतरूं लागलें. एका खोक्यांत पत्र्याचे दोन डबे, प्रत्येक डब्यांत पांच अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारें १९ लिटर तेल, असें त्याचें बांधणीचें प्रमाण. तें कडू तेलापेक्षां स्वच्छ जळे आणि स्वस्तही पडे. मुंबई इलाख्याच्या त्या काळच्या जिल्हावर्णनांतून तेल्यांच्या धंद्याला या नव्या तेलानें ओहोटी लागल्याच्या नोंदी ठिकठिकाणीं आढळतात. बेने इस्राएल मंडळी त्याआधींपासूनच पलटणींत, सरकारी नोकरींत आणि मुंबईच्या कारखान्यांत शिरूं लागली होती. तेव्हां त्यांचे घाणे बंद पडण्याचें सगळें खापर रॉकेलवर फोडतां येणार नाहीं. परंतु जे घाणे उरले होते त्यांच्याकडे दिव्याच्या तेलासाठीं येणारें गिऱ्हाईक कमी होत गेलें, हें मात्र निश्चित.

या व्यापारांतील एक हकीकत सांगण्याजोगी आहे. मार्कस सॅम्युएल नांवाच्या लंडनच्या व्यापाऱ्यानें खोक्यांचा खर्च वांचविण्यासाठीं जहाजाच्या पोटांतच तेल भरून आणण्याची युक्ति काढली. त्याचें ‘म्युरेक्स’ हें जहाज १८९२ सालीं रशियांतील बाटूमचें तेल घेऊन सुएझच्या कालव्यांतून पूर्वेकडे आलें. तेल स्वस्त झालें, बंदरांत टाक्या उभ्या राहिल्या, आणि गिऱ्हाईक आपलें भांडें घेऊन येईल अशी मालकाची कल्पना. गिऱ्हाईक आलेंच नाहीं. पूर्वेकडील लोकांना तेलाइतकाच पत्र्याचा डबाही हवा होता, ही गोष्ट लंडनमध्यें बसून कळण्यासारखी नव्हती. ती तेथल्या पेढ्यांनीं कळविली. मग सॅम्युएलला पत्रा पाठवून पूर्वेंतच डबे बनविण्याची व्यवस्था करावी लागली. कोंकणांतील घरांत डोकावलें म्हणजे या गोष्टीचें नवल वाटत नाहीं. रॉकेलचा रिकामा डबा म्हणजे विहिरीवरची घागर, तांदुळाची कोठी, तुळशीचें वृंदावन, कावडीचें एक अंग; आणि अगदीं गंजला तर कापून, सपाट करून पावसाळ्यांत झडपेला लावण्याचा पत्रा. कोट्यधीश कारखानदाराला आपल्या मालाचा अर्थ काय हें जेव्हां कळत नाहीं, तेव्हां तो समजावून सांगणारा माणूस बाजारांत उभा असावा लागतो. प्रतिनिधीचें पहिलें काम हेंच.

येथें दोन शब्दांचा खुलासा करणें अवश्य आहे, कारण मराठींत ‘दलाल’ या एका शब्दाखालीं सगळ्यांना लोटण्याची रीत पडली आहे. दलाल दोघांची गांठ घालून देतो आणि दलाली घेऊन मोकळा होतो. अडत्या दुसऱ्याचा माल आपल्या वखारींत ठेवून विकतो. व्यापारी स्वतःच्या पैशानें माल घेतो व नफातोटा सोसतो. कारखानदाराचा प्रतिनिधि या तिघांहून निराळा. त्याच्यापाशीं माल नसतो. नमुन्यांची पेटी, किंमतींचें पत्रक आणि कारखान्याची पत एवढेंच त्याचें भांडवल. कारखान्याचा शब्द तो दुकानदाराला देतो आणि दुकानदाराची कुवत तो कारखान्याला सांगतो. दोहोंपैकीं कोठेंही तो खोटा पडला, तर पुढच्या खेपेस त्याला कोणी दारांत उभा करीत नाहीं. प्रत्यक्ष व्यवहारांत हीं चारही कामें एकाच माणसाच्या अंगावर पडत, आणि कुलाब्याच्या किनाऱ्यावर तर बहुधा तसेंच घडे.

कारण या किनाऱ्याला त्या काळीं आगगाडी नव्हती. मुंबईच्या शिवडी भागांतील टाक्यांतून डबे भरले जात आणि मचव्यांतून व पडावांतून रेवस, मांडवा, धरमतर, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन अशा बंदरांना जात. तेथून डोक्यावर, कावडीनें, किंवा रस्ता असेल तेथें बैलगाडीनें पुढें. मोठ्या तेलकंपन्यांचें काम मुंबईंत संपे. बंदरांत त्यांचा एजंट असे. तो बहुधा गुजराथी किंवा मारवाडी वाणी, क्वचित् बोहरी किंवा स्थानिक सावकार. त्याच्याखालीं खेड्यांतील दुकानदार. हा दुकानदार नरसाळें लावून बाटलीच्या मापानें तेल विकी. पेन्सिल्व्हानियाची किंवा ब्रह्मदेशची विहीर आणि आक्षीच्या कोळणीची चिमणी यांच्या दरम्यान अशी ही माणसांची सांखळी होती.

या सांखळीची खरी परीक्षा आगोटीला होई. ज्येष्ठ लागला कीं समुद्र खवळतो. होड्या ओढून शाकारून ठेवतात. लहान बंदरें नारळी पौर्णिमेपर्यंत बंद पडतात. त्याआधीं मीठ, मिरची, सुकी मासळी, जळाऊ लांकूड आणि चार महिन्यांचें रॉकेल घरांत किंवा निदान गांवांत येऊन पडलें पाहिजे. किती डबे मागवावे, याचा अंदाज कोणीं करावा? कमी मागवले तर श्रावणांतील पोथी अंधारांत, आणि गणपतीच्या आरतीला दुकानांत तेल नाहीं. जास्त मागवले तर पैसा अडकतो, आणि खाऱ्या हवेनें डबे गंजून तेल झिरपतें तें वेगळेंच. शिवाय त्याच दिवसांत शेतकऱ्याच्या हातांत पैसा नसतो. भात घरांत येतें दिवाळीच्या सुमारास. मुंबईच्या गिरणींतील मुलाची मनिऑर्डर आली तर आली. म्हणजे मे महिन्यांत दिलेल्या तेलाचे पैसे कार्तिकांत मिळावयाचे. कंपनी मुंबईहून उधार देत नाहीं, कारण तिला अमुक गांवचा अमुक कुळवाडी ओळखूं येत नाहीं. बंदरावरचा एजंट दुकानदाराला ओळखतो, दुकानदार कुळवाड्याला ओळखतो. ही ओळख हेंच त्या व्यापाराचें खरें भांडवल होतें, आणि ती फुकट मिळत नसे. किंमतींत व्याज मिसळलेलें असे, माप कधीं अपुरें असे, खातेंवहींत काय लिहिलें हें अक्षरशत्रु गिऱ्हाइकाला वाचतां येत नसे. कोंकणांतील सावकारीच्या ज्या कडू कहाण्या आहेत, त्यांत रॉकेलच्या बाटलीचाही वांटा आहे. पण त्याच वहीमुळें पावसाळ्याच्या काळोख्या रात्रीं बाळंतिणीच्या खोलींत दिवा जळत राहिला, हेंही तितकेंच खरें.

तेलाची गोष्ट झाली. दिव्यांची याहून थोडी निराळी. तेल रोजच्या गरजेचें. तें कोणत्याही छापाचें चाले. कंदील मात्र पारखून घ्यावा लागे. वाऱ्यानें न विझणारा नळीचा कंदील हा अमेरिकेंतला शोध. न्यूयॉर्कच्या डीट्झ कंपनीचे आणि पुढें जर्मनींतील ‘फॉयरहान्ट’ छापाचे कंदील जगभर गेले. मुंबईंतील आयात करणाऱ्या पेढ्या चित्रांचे जाडजूड कॅटलॉग ठेवीत. फिरता एजंट दोन-चार नमुने घेऊन गांवोगांव जाई आणि मागणी नोंदवून घेई. समुद्रकाठच्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असे: खाऱ्या वाऱ्यांत पत्रा टिकेल काय? दुसरा त्याहून महत्त्वाचा: कांच फुटली तर दुसरी मिळेल काय? कंदील एकदां विकला जातो. कांच, वात आणि बर्नर पुनःपुन्हा लागतात. ज्या छापाच्या कांचा गांवच्या बोहऱ्याच्या दुकानांत मिळतील, तोच कंदील गांवांत खपणार. लग्नकार्यांत आणि नाटकांत लागणाऱ्या पेट्रोमॅक्स या जर्मन गॅसबत्तीचेंही तसेंच. ती घरोघर कोणी घेत नसे. एखादा माणूस चार बत्त्या बाळगी आणि भाड्यानें देई, व मेंटल बांधण्याचें, पंप मारण्याचें कसब त्याच्यापाशींच असे. तो कोणत्या छापाला हात लावतो, यावर पंचक्रोशींतील खप ठरे.

कांचेचा प्रश्न १९१४ सालीं सुरू झालेल्या महायुद्धानें ऐरणीवर आणला. जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथून येणारी कांच थांबली. तिची जागा जपाननें भरून काढण्यास सुरुवात केली. स्वदेशीच्या चळवळींतून तळेगांव येथें पैसा फंडाचा कांचकारखाना १९०८ सालींच निघाला होता. एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या त्या कारखान्याचें काम ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं पाहिलें, आणि तेथें शिकलेले कारागीर देशभर पसरले. महायुद्धाच्या काळांत कराडजवळ ओगले बंधूंनीं कांचकारखाना काढला. तें ठिकाण पुढें ओगलेवाडी या नांवानें प्रसिद्ध झालें. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रांतील दोन पिढ्यांना ठाऊक आहे. स्वदेशी कंदिलाच्या या कौतुकांत एक गोष्ट राहून जाते. देशाभिमानी ग्राहक मुंबई-पुण्यांत मासिकांतील जाहिरात वाचून कंदील मागवील. परंतु म्हसळ्याचा दुकानदार जाहिरात वाचून माल भरीत नाहीं. त्याला उधारी हवी, फुटलेल्या कांचेची भरपाई हवी, सुटे भाग हवे, आणि हें सर्व मिळेल असें समक्ष येऊन सांगणारा माणूस हवा. विलायती मालाच्या मागें असा माणूस कित्येक वर्षें उभा होता. स्वदेशी कारखानदाराला भट्टी पेटविण्याइतकेंच कष्ट असा माणूस उभा करण्यासाठीं पडले. स्वदेशीच्या इतिहासकारांनीं भट्टीचें वर्णन विस्तारानें केलें आहे. या दुसऱ्या कष्टांची नोंद त्यांनीं आणखी मोकळ्या हातानें घेतली असती तर बरें झालें असतें.

मोठ्या कंपन्यांच्या भांडणाचे तडाखेही या सांखळीला बसत. १९२७ सालीं रशियन तेलाच्या प्रश्नावरून न्यूयॉर्कची स्टँडर्ड ऑइल कंपनी आणि रॉयल डच शेल यांच्यांत हिंदुस्थानच्या बाजारांत दरांचें युद्ध जुंपलें. भांडण कोणाचें आणि रणांगण कोठलें! गिऱ्हाइकाला चार दिवस स्वस्ताई लाभते. पण चढ्या दरानें माल भरून बसलेल्या लहान व्यापाऱ्याला उतरता भाव म्हणजे घरचें नुकसान. पुढें १९२८ सालीं बर्मा-शेल ही जोडकंपनी झाली आणि तिचें नांव घरोघर पोहोंचलें. १९४२ च्या मार्चमध्यें रंगून जपान्यांच्या हातीं पडलें व ब्रह्मदेशचें तेल बंद झालें. तेव्हां रॉकेलवर नियंत्रण आलें, आणि कालपर्यंत ‘घेऊन जा, पैसे मग दे’ म्हणणारा दुकानदार शिधापत्रिका मागूं लागला. कंपनीचा प्रतिनिधि जाऊन सरकारचा परवानेदार आला. गिऱ्हाइकाची मनधरणी करण्याचें त्याला कारण उरलें नाहीं.

आतां विजेकडे वळावें. येथें कुलाबा जिल्ह्याच्या वाट्याला एक विलक्षण योग आला आहे. टाटांचीं तिन्ही जुनीं जलविद्युत्केंद्रें याच जिल्ह्यांत आहेत: खोपोली १९१५ सालीं, भिवपुरी १९२२ सालीं आणि भिरा १९२७ सालीं सुरू झालें. भिऱ्यासाठीं मुळशीचें धरण झालें आणि तें होऊं नये म्हणून मावळ्यांनीं सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह केला, हें सर्वश्रुत आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचें पाणी या केंद्रांत येऊन पडतें, चक्रें फिरवतें, आणि पुढें भिऱ्याचें पाणी कुंडलिकेंतून रोह्यावरून रेवदंड्याला, खोपोलीचें पाताळगंगेंतून धरमतरच्या खाडीला मिळतें. वीज मात्र तारांवरून सरळ मुंबईला गेली. गिरण्या, ट्रामगाड्या, पुढें आगगाड्या आणि शहरांतील घरें तिनें उजळलीं. ज्या खाडीला तें पाणी मिळालें तिच्या दोन्ही कांठच्या गांवांतून त्यानंतर कित्येक वर्षें चिमण्याच मिणमिणत होत्या.

यांत कोणाचा दुष्टपणा पाहण्याचें कारण नाहीं. तें धंद्याचें गणित होतें. गिरणी एकटी जेवढी वीज घेते तेवढी शंभर खेडीं मिळून घेणार नाहींत. पण एक फरक लक्षांत घेण्याजोगा आहे. रॉकेलची बाटली विकण्यांत ज्याला दोन पैसे मिळत होते, असा माणूस प्रत्येक गांवांत होता. म्हणून रॉकेल गेलें. विजेची तार गांवांत नेण्यांत ज्याला दोन पैसे मिळतील असा माणूस कोठेंच नव्हता. अंधाराचा उपयोग मात्र एकदां झाला. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, तेव्हां कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबकीय उपकरणें बिघडतील असें दिसूं लागलें. वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनीं नव्या चुंबकीय वेधशाळेसाठीं अलिबागची निवड केली, आणि १९०४ पासून तेथें काम सुरू झालें. जेथें वीज नाहीं अशी जागा म्हणून अलिबागला जगाच्या विज्ञानांत स्थान मिळालें!

गांवोगांव तारा नेण्याचें काम अखेर सरकारला अंगावर घ्यावें लागलें. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालें आणि त्यानंतरच्या दशकांत किनाऱ्यावर खांब दिसूं लागले. तार आली तरी दिव्यापर्यंतचें शेवटचें अंतर उरतेंच. तें काटण्यासाठीं वायरमन नांवाचा नवा मध्यस्थ उत्पन्न झाला. मुंबईच्या लोहार चाळींतून माल आणावा, घरांत पट्ट्या ठोकाव्या, आणि ‘हाच बल्ब घ्या, टिकतो’ असें सांगावें. घरमालकानें मान डोलवावी. कारखान्यांच्या प्रतिनिधींना हें लौकरच उमगलें व ते घरमालकाऐवजीं वायरमनला भेटूं लागले. आज अलिबाग-मांडव्याकडे मुंबईकरांचे बंगले उठत आहेत, तेथें तेच प्रतिनिधि वास्तुशिल्पज्ञांना गांठतात. पेटींत आतां कंदिलाऐवजीं एलईडीचे नमुने असतात.

या एलईडी दिव्याच्या बाबतींत सरकारनें मधल्या माणसाला वगळून पाहिलें. १९१५ च्या खोपोलीनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०१५ च्या जानेवारींत, ‘उजाला’ योजना निघाली. सरकारी कंपनीनें एकगठ्ठा खरेदी केली, आणि २०१४ सालीं सुमारें ३१० रुपयांना पडणारा दिवा दोन वर्षांत ३८ रुपयांच्या खरेदीभावावर आला. मधल्या पायऱ्यांवर किती पैसा मुरत होता याचा हा मोठाच पुरावा. अर्थात् कारखान्यांत होणारा खर्चही त्याच काळांत झपाट्यानें उतरला होता.

तारेची सर्वांत लांबलेली वाट मुंबईच्या डोळ्यांदेखत होती. घारापुरी बेट मुंबई बंदरांतच, परंतु रायगड जिल्ह्यांत मोडणारें. शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर या तेथील तीन वस्त्यांना संध्याकाळीं कांहीं तास जनित्राची वीज मिळे. रात्रीं समोर मुंबईचे लक्षावधि दिवे दिसत. समुद्राच्या तळाशीं सुमारें साडेसात किलोमीटर केबल घालून २०१८ च्या फेब्रुवारींत तेथें वीज नेण्यांत आली.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, ३ जून २०२० रोजीं, ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या, आणि कित्येक गांवें आठवडेच्या आठवडे अंधारांत राहिलीं. दिवस नेमके आगोटीचे होते. इतर जिल्ह्यांतून आलेले वीजकामगार भर पावसांत खांब उभारीत होते. सेवाभावी संस्था सूर्यशक्तीवर चालणारे दिवे वांटीत होत्या. जुन्या माणसांनीं माळ्यावरचे कंदील काढले. कांहींची कांच फुटलेली होती, आणि ती बदलून देणारें दुकान गांवांत उरलें नव्हतें.